अर्धपोटी बॅटरी

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बॅटरीच्या दुकानात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "वजनकाटा आहे का?" दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग पुतण्याकडे. म्हातारा भंगार विकायला आलाय असंच त्याला वाटलं असणार. पण शिशाच्या बॅटरीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः शिशाचे. कंपनीच्या पत्रकात अॅसिड भरलेल्या बॅटरीचं वजन छापलेलं असतं. 150 अँपिअर-तासांची उंच ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती नळ्यांच्या प्लेटांची बॅटरी) साधारण 50 ते 60 किलो भरते. त्याच आकड्याचं स्टिकर लावलेली एखादी दहा-बारा किलोंनी हलकी निघाली, तर दुकान बदला. कमी शिशातून जादा वीज काढायची विद्या अजून कुणाला साधलेली नाही.

पुतण्याचं दोन खोल्यांचं घर पानशेतच्या पलीकडे आहे. विजेचे खांब खालच्या वस्तीपाशीच संपतात, म्हणून सगळा कारभार सोलरवर. बॅटऱ्यांची पहिली जोडी त्याने सोळा महिन्यांत मारली. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली, दोन-दोन व्होल्टचे 24 सेल, मिळून 48 व्होल्ट. त्यामुळे प्रेताचा पंचनामा करायला मला बोलावणं आलं.

"काका, फारशी वापरलीच नव्हती हो," तो म्हणाला.

तेच तर. बॅटरी वापरून जितकी मरते, त्याहून जास्त अर्धपोटी ठेवून मरते. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ते ताजं असेपर्यंत मऊ असतं, चार्जिंग झालं की निघून जातं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धी राहिली की त्याचे कडक खडे होतात, बरणीत मध साखरतो तसे. मध कोमट पाण्यात ठेवून पातळ करता येतो, ही साखर बहुतेक वेळा परत फिरत नाही. पुतण्याकडे 200 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि त्यांना पोसायला 330 वॉटचं एकच पॅनल. जेवणाऱ्याचं पोट मोठं, ताटात वाटीभर भात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या एकदाही भरल्या नाहीत.

म्हणून यावेळी हिशेब उलट बाजूने केला. आधी घरातला खर्च: 9 वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे 180 वॉट-तास, 30 वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आठ तास म्हणजे 480, टाकीत पाणी चढवायला अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप अर्धा तास म्हणजे 185, मोबाइल आणि रेडिओ 40. एकूण 885. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून 1050. 12 व्होल्ट 150 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की 24 व्होल्टला 3600 वॉट-तास कागदावर मिळतात. त्यातले निम्मेच आपले समजायचे. म्हणजे ऊन नसताना दीड दिवस आरामात निघतो, रोजचा उपसा तीस टक्क्यांच्या आत राहतो. आणि चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहा टक्के तरी हवा, म्हणजे 15 अँपिअर. चार्जिंगच्या 28.8 व्होल्टला त्याचे 432 वॉट होतात. पॅनल कधी छापील वॉट देत नाही, म्हणून 330 ची दोन घेतली. बॅटरी लहान केली, पॅनल वाढवलं. सूनबाईंना आधी हे पटेना, "बॅटरी मोठी असली तर चांगलंच ना?" पॅनल तेवढंच मोठं असेल तर चांगलंच.

कोणती घ्यायची, हे लवकर आटपतं. गाडीची बॅटरी मुळीच नको. तिच्या प्लेटा पातळ असतात, स्टार्टरला क्षणभर जोर द्यायला केलेल्या. रोज खोलवर उपसली तर काही महिन्यांत प्लेटांवर थापलेला शिशाचा मसाला गळून तळाशी जातो. ट्यूब्युलरमध्ये पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला कापडी नळ्यांत कोंडलेला असतो, म्हणून ती टिकते. त्यातही लेबलवर सी-10 लिहिलंय की सी-20 ते बघा. सी-10 ची 150 म्हणजे 15 अँपिअर दहा तास, सी-20 ची 150 म्हणजे 7.5 अँपिअर वीस तास. सावकाश उपसली की कुठलीही बॅटरी जास्त देते, त्यामुळे सी-20 ची 150 ही सी-10 च्या हिशेबात साधारण सव्वाशेचीच भरते. सोलरला सी-10. लिथियम अर्धपोटी राहिली तरी तक्रार करत नाही, हे खरं आहे. पुतण्याच्या खिशाने तक्रार केली.

आणखी एक: दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच लॉटच्या घ्यायच्या. जुनीच्या जोडीला नवी लावली की नवीही तिच्याबरोबर म्हातारी होते.

आता हायड्रोमीटर, अॅसिड किती दाट ते मोजायचं साधन. दोनेकशे रुपयांची ही काचेची नळी नसेल तर बाकीचं सगळं अंदाजपंचे. बॅटरीला रात्रभर विश्रांती द्या, झाकण उघडा, रबरी फुगा दाबून नळी आत सोडा आणि अॅसिड हळू वर ओढा, इतकंच की आतला तरंगता काटा काचेला न चिकटता मोकळा डोलेल. डोळा अॅसिडच्या पातळीवर आणा आणि वाचा. हा आकडा म्हणजे ग्रॅव्हिटी, अॅसिड पाण्याच्या किती पट जड ते; बॅटरी रिकामी होते तसा तो उतरतो. पुतण्याच्या एका मेलेल्या बॅटरीच्या सहा सेलांचे आकडे असे आले: 1.190, 1.185, 1.190, 1.080, 1.190, 1.185. चौथा सेल गेलेला. मल्टिमीटर मात्र बारा व्होल्टच्या जवळपास दाखवत होता, म्हणून त्याला "जरा कमी आहे" एवढंच वाटलं.

इथे मोबाइलवरच्या तक्त्याने त्याला फसवलंही होतं. तक्त्यात भरलेली बॅटरी 12.7 व्होल्टची. तो तक्ता थंड देशातल्या दाट अॅसिडचा. आपल्याकडे उष्णतेमुळे प्लेटा लवकर झिजू नयेत म्हणून ट्यूब्युलरमध्ये 27 अंशांना 1.240 च्या आसपासचं अॅसिड भरतात. ग्रॅव्हिटीत 0.84 मिळवा आणि सहाने गुणा: 12.48. म्हणजे आपली बॅटरी साडेबाराला पोटभर जेवलेली असते आणि 12.1 च्या आसपास निम्मी. बॅटरीवर छापलेली ग्रॅव्हिटी वाचून आपला तक्ता आपणच करायचा. एप्रिलमध्ये अॅसिड 40 अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात 0.009 मिळवा, गरम अॅसिड पातळ दिसतं.

पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरमध्ये 24 व्होल्टच्या जोडीला चार्जिंग 28.8, फ्लोट (भरल्यावर नुसतं भरलेलं ठेवायचा व्होल्टेज) 27.2 आणि इन्व्हर्टर बंद पडायचा आकडा 23.6 ठेवला. कारखान्यातून तो 21 च्या आसपास लावून येतो, तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते. कंपनीच्या पत्रकात वेगळे आकडे असतील तर पत्रकाचं ऐका. तापमानाचा सेन्सर असेल तर तो भिंतीवर लोंबत ठेवू नका, बॅटरीच्या अंगाला चिकटवा. उन्हाळ्यात दर अंशामागे 24 व्होल्टला साधारण 0.05 व्होल्ट कमी द्यावे लागतात, नाहीतर पाणी उकळल्यासारखं उडतं.

सेलांच्या ग्रॅव्हिटीत 0.030 च्या वर फरक पडला की इक्वलायझिंग, म्हणजे मागे पडलेले सेल बरोबरीला आणायला मुद्दाम केलेलं जादा चार्जिंग. लख्ख ऊन असलेला दिवस धरा. आधी पूर्ण चार्ज, मग इन्व्हर्टर आणि दिवे तोडून जोडीला 31 व्होल्टपर्यंत चढवा. दोन-तीन तास बुडबुडे येऊ द्या, दर अर्ध्या तासाने ग्रॅव्हिटी बघा. ती वाढायची थांबली की थांबा. बॅटरी हाताला फार गरम लागली तर त्याआधीच थांबा. हे फक्त पाणी टाकायच्या बॅटरीला. सीलबंद आणि जेलच्या बॅटरीला असं केलं तर ती संपली.

पाणी डिस्टिल्डच. पुतण्या आरओचं टाकत होता, "पिण्याइतकं शुद्ध आहे की." पिण्याइतकं शुद्ध म्हणजे क्षार असलेलंच. एसीच्या नळीचंही नको, त्यात धातूचा अंश येतो. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकायचं, कारण चार्ज होताना अॅसिड फुगतं आणि आधी भरलं असेल तर झाकणातून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढंच आधी टाका. अॅसिड कधीच टाकायचं नाही. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. तो हलका, म्हणून झरोका छताजवळ हवा. खाली खिडकी ठेवून उपयोग नाही. हातातलं कडं, अंगठी काढा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना तो शेवटी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण झाकणं घट्ट असताना. सोडा आत गेला तर तो अॅसिडच मारतो. कोरडं करून व्हॅसलीन. आणि जुना शर्ट घाला. सुती कापडावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही, भोक पडलेलं धुण्यातून बाहेर आल्यावर कळतं. माझ्या बायकोने नोकरीभर त्याचा हिशेब ठेवला.

मेलेली जोडी तपकीर गल्लीत मोडीत दिली. एका भंगारवाल्याने सांगितलं होतं, अॅसिड ओतून आणा. ओतायचं कुठे, धरणाच्या ओढ्यात? 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. आम्ही त्या भरलेल्याच, उभ्या, काथ्याने बांधून टेम्पोतून नेल्या. नव्यांच्या बिलात तेवढी वजावट मिळाली.

एक्स्चेंजमध्ये पायलट सेल असायचा: एक सेल ठरवायचा, रोज त्याचीच ग्रॅव्हिटी आणि व्होल्टेज रजिस्टरमध्ये लिहायचं, सगळे सेल महिन्यातून एकदा. सूनबाईंनी दोनशे पानी वही केली आहे, दर रविवारी तिसरा सेल. ऑगस्टमधल्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: "1.205. चार दिवस ऊन नाही. पंप बंद, पंखा एकच." त्याखाली बुधवारी, रविवार नसताना: "ऊन पडलं. 1.240."