दिवाळी ते संक्रांत: मुलांना घेऊन पुण्याच्या आसपास

माझी भाचरं दिवाळीला येतात, नाताळात परत येतात, आणि दोन्ही वेळा वहिनीचा फोनवर एकच प्रश्न असतो, "ताई, यंदा कुठे नेणार यांना?" लोणावळा आणि महाबळेश्वर सोडून कुठेही, हे माझं उत्तर ठरलेलं. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात अख्खं पुणे आणि निम्मी मुंबई घाटात असते. डबे गाडीतच उघडावे लागतात.

आधी सुट्टी बघून मग ठिकाण शोधू नका. कुठल्या गोष्टीचे दिवस चालू आहेत ते आधी बघा. ज्वारी चिकात कधी येते, उजनीचं पाणी कधी उतरतं, पौर्णिमा कधी आहे, यांचं शाळेच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नाही. जे जमेल ते सुट्टीत, उरलेलं जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी.

आधी खरा किल्ला, मग मातीचा

दिवाळीत अंगणात किल्ला करायचाच असेल तर त्याआधी मुलांना एक खरा किल्ला दाखवा. मी लोहगड निवडते. पुण्याहून सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चालत गायमुख खिंड, तिथून पायऱ्या. वाटेत भाजे लेणी लागतात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. ती परतताना बघा, चढताना ऊन नको. दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबर हीट पुरती गेलेली नसते, त्यामुळे नऊच्या आत चढाई उरकलेली बरी. दुपारी लोकल विरळ असतात, परतीची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.

वर जाताना मुलांना एकच काम द्यायचं: वाट कशी वळते ते कागदावर काढा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात, आणि दोन दरवाज्यांमधला रस्ता सरळ कधीच नसतो. खालून आलेला माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. हे पायांनी कळलं की मुलं मातीच्या किल्ल्यालाही सरळसोट जिना करत नाहीत. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, जायचं असेल तर टोकाला वाऱ्यात मुलांचा हात धरा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा आहे. पण गडावर वेफर्सची पाकिटं टाकणाऱ्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता मातीचा. वसुबारसेला बांधकाम पूर्ण हवं, म्हणजे हिरवळ ऐन दिवाळीत उगवते. विटा आणि दगडांचा ढीग रचा, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पसरा आणि मग लाल मातीचा गिलावा द्या. नुसती माती लावली तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. गोणपाट तिला धरून ठेवतं. गुहेला नारळाची करवंटी, तळ्याला जुनी वाटी. हिरवळीसाठी अळीवच घ्या. तासभर भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे तो उभ्या कड्यावरही चिकटून राहतो. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते आणि तिथेच रान माजतं. पाणी तांब्याने ओतू नका, हाताने शिंपडा. तीन-चार दिवसांत पोपटी कोंब दिसतात.

मावळे कसब्यात कुंभारवाड्यातून आणा, आणि मुलांना सोबत न्या. महाराज सिंहासनावर कुठे बसणार, तोफ कुठल्या बुरुजावर आणि वाघ गुहेत की बाहेर, यावर घरी जे भांडण होतं ते होऊ द्यावं. मोठ्यांनी फक्त चिखल कालवून द्यायचा. हल्ली प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात म्हणे. मिळू देत.

त्रिपुरी आणि चंपाषष्ठी

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. त्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जा. एका अखंड खडकात कोरलेलं आठव्या शतकातलं लेणं आणि समोरचा गोल नंदीमंडप पणत्यांनी उजळतो. ओंकारेश्वरही सुंदर, पण मुलं बरोबर असतील तर पाताळेश्वर. घरून तेलाची छोटी बाटली, वाती आणि दोन-चार पणत्या न्या; विझत आलेल्या पणत्यांत तेल घालायचं काम मुलांना फार आवडतं. कपडे सुती हवेत, ओढणी कमरेला बांधलेली हवी. तेल सांडून फरशी निसरडी होते, तेव्हा धावायला बंदी. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणून साडेपाचलाच पोचा.

चंपाषष्ठीला जेजुरी. मिरजेकडच्या गाडीने गेलात तर पार्किंगचा त्रास नाही. भंडारा कपड्यांना लागला की तो धुण्यात सहज जात नाही, जुनेच कपडे घाला. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला त्या दिवशी गडावर नेऊ नका, दुसऱ्या एखाद्या दिवशी न्या. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी भरीत-रोडगा करावा. चातुर्मासात वांगं सोडलेल्यांचं ते त्या दिवशी पुन्हा सुरू होतं.

डिसेंबरच्या रात्री

१३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. शहराचा उजेड मागे टाकून एखाद्या नातेवाइकाच्या शेतावर जा, सतरंजी अंथरा आणि रात्री दहानंतर आडवे व्हा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची वीस मिनिटं पुन्हा सुरू. वाट बघताना मृगाचे तीन तारे दाखवा. त्यांच्या रेषेत खाली गेलं की लखलखता व्याध, वर गेलं की तांबूस रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. त्या वर्षी पौर्णिमा जवळ आली असेल तर चंद्रप्रकाशात बारीक उल्का बुडतात. मग बेत पुढच्या वर्षावर टाका.

याच महिन्यात सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एक संध्याकाळ पुरे. शाल न्या, बाजूच्या माणसाशी बोलू नका, आणि पोरगं झोपलं तर झोपू द्या.

हुरडा आणि रोहित

हुरड्याला नाताळात घाई करू नका. रब्बीची ज्वारी डिसेंबरअखेर कुठे कुठे चिकात येते, खरा भर जानेवारीत. शेतावर गेलात की कणसातला एक दाणा नखाने दाबा. दुधासारखा चीक आला तर बसा. दाणा कडक लागला तर गूळ-शेंगदाणे खाऊन परत या. हुरड्याच्या नावाखाली ट्रॅम्पोलिन आणि डीजे देणारी ठिकाणं नगर रस्त्याला भरपूर आहेत. फोन करताना एकच विचारा, "कणसं तुमच्याच रानातली का? आणि गुळभेंडी आहे का?" गुळभेंडी ही खास हुरड्याची ज्वारी. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

आगटी गोवऱ्यांची हवी. कणसं राखेत खुपसतात, वरून काळी पडली की काढून गरम असतानाच तळहातावर चोळतात. दाणे हिरवेगार निघतात, त्यांना किंचित धुराचा वास असतो. फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि लसणाची चटणी, दही, गूळ घेऊन तिथेच खायचं. गार हुरडा डब्यात भरून घरी आणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सकाळी नाश्ता करू नका, आणि हुरड्यावर ढसाढसा पाणी पिऊ नका, ताक घ्या.

भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मात्र सुट्टीला जुमानत नाहीत. पावसाळ्यात भरलेला उजनीचा जलाशय हळूहळू उतरतो, आणि उथळ पाणी व चिखल उघडा पडला की ते मोठ्या संख्येने उतरतात. म्हणून नाताळात जाऊन हिरमुसण्यापेक्षा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर उजाडताना कुंभारगावच्या काठावर असाल. होड्या तिथल्याच मच्छीमारांच्या असतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि थव्याच्या जवळ गेलं की इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा. दुर्बिणीतून बघा: रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि पायाने चिखल ढवळत गाळून खातो. गुलाबी रंग त्याला या खाण्यातूनच मिळतो, पिल्लं राखाडीच असतात. भाचीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिचा प्रश्न होता, "मग मी पालक खाऊन हिरवी का नाही होत?" उत्तर अजून दिलेलं नाही.

उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी आत घुसवायला सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याबरोबर एका होडीत बसू नका.

प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. पहिल्याच दिवशी सकाळी जा. शेवटच्या दिवशी फुलांनी माना टाकलेल्या असतात आणि रोपांच्या स्टॉलवर उरलेलंच मिळतं. पिशवी घरून न्या, कुंडी हातात धरून बसमध्ये उभं राहणं जमत नाही.