पॉइंट टू-टू रायफलची सफाई आणि काडतुसांची निवड : या चुका टाळा

पॉइंट टू-टूची, म्हणजे .22 इंची रायफलची, नळी सहजासहजी झिजत नाही. गोळी मऊ शिशाची, बारूद मोजकी, दाब कमी. हजारो फैरी झाडल्या तरी तिची अचूकता टिकते. चुकीच्या सफाईने मात्र तीच नळी बघता बघता खराब होते. बहुतेक जण नळीच्या मागे हात धुऊन लागतात आणि जिथे खरी घाण साचते त्या चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा), बोल्टकडे (ती मागून बंद करणारा सरकता दांडा) ढुंकूनही बघत नाहीत.

रॉड उलट्या बाजूने घालणं

सफाईला बसताना क्रम चुकवू नका. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट उघडायचा, मग टॉर्च मारून चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करायची. मॅगझिन तसंच ठेवून आधी बोल्ट मागेपुढे केला, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत चढतं. नळीखाली ट्यूब मॅगझिन असेल तर त्यात एखादं अडकून राहिलेलं नाही ना, तेही बघा. काडतुसांचा डबा सफाईच्या टेबलावर ठेवूच नका.

गोळी नळी सोडते ती तोंडाच्या कडेवरून, म्हणजे क्राउनवरून. या कडेला एका बाजूला जरी दुखापत झाली तरी गोळीमागचा वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. म्हणून रॉड, म्हणजे सफाईची सळई, चेंबरच्या बाजूने, गाइड (सळई मधोमध धरणारी नळी) लावून घाला. ज्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मागून रॉड जातच नाही, तिथे दोरीचा पुल-थ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी) चेंबरकडून तोंडाकडे ओढा. तुकडे जोडून होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या रॉडबद्दल माझं मत वाईट आहे. मऊ धातूत बारीक कच रुतून बसते आणि प्रत्येक फेरीला नळीच्या आत घासत राहते.

चेंबरपुढचं कडं

पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं. त्यात पेट घेणारा मसाला कडेच्या, म्हणजे रिमच्या आत असतो आणि त्यात बऱ्याचदा काचेची बारीक पूड मिसळलेली असते. तिचे कण, कार्बन, शिसं आणि गोळीवरचं मेण असं सगळं मिळून, चेंबर संपून रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा) सुरू होतं तिथे, थरावर थर चढतो. त्याचं टणक कडं तयार होतं. पूर्वी सहज बसणारं काडतूस शेवटच्या मिलिमीटरला अडायला लागलं, बोल्टला जोर लागायला लागला, चांगल्या ग्रुपमधून (टार्गेटवरच्या भोकांच्या झुपक्यातून) एखाददुसरी गोळी विनाकारण बाहेर जायला लागली, की आधी इथे संशय घ्या. दुर्बीण नंतर दोषी ठरवा.

नुसता पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, ओढून हे कडं निघत नाही. सॉल्व्हंट (घाण विरघळवणारा द्रव) लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, ब्राँझचा ब्रश तेवढ्याच भागात फिरवायचा, पुसायचं आणि पुन्हा तेच. स्टीलचा ब्रश नको. ‘लाँग रायफल’ नावाच्या लांब काडतुसाच्या चेंबरमध्ये ‘शॉर्ट’ नावाची आखूड काडतुसं भरपूर झाडली की असंच कडं आणखी मागे, चेंबरच्या आतच बसतं आणि मग लांब काडतूस नीट आत जात नाही.

चेंबर आणि बोल्टचं तोंड दर सरावानंतर पुसावं. नळी मात्र ग्रुप पसरू लागल्यावर किंवा रायफल ओली झाल्यावर साफ केली तरी चालते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या नळीत मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही फैरी इकडेतिकडे जाणारच. त्यावरून दुर्बिणीची जुळणी बदलू नका. साठवणीसाठी आत तेल लावलं असेल तर झाडण्याआधी कोरडा पॅच ओढा. चेंबर तर कोरडंच हवं, कारण तेलकट भिंतीला काडतुसाचं कवच धरून राहत नाही आणि मागचा धक्का सगळा बोल्टवर येतो.

सफाई उघड्या हवेशीर जागी करा, मध्येच काही खाऊ नका आणि शेवटी हात साबणाने धुवा. शिशाची बाधा हळूहळू होते, म्हणूनच ती लक्षात येत नाही.

‘बावीस म्हणजे बावीस’

हा समज सगळ्यात धोकादायक. नळीवर जे कोरलेलं असतं तेच काडतूस वापरायचं. .22 लाँग रायफल आणि .22 मॅग्नम ही दोन वेगळी काडतुसं आहेत. मॅग्नमचं कवच जाड आणि लांब असल्यामुळे ते लाँग रायफलच्या चेंबरमध्ये बसत नाही. पण लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैलसर बसतं. झाडलं तर कवच फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. काही अतिवेगवान काडतुसांचं कवच नेहमीपेक्षा लांब असतं. स्पर्धेच्या रायफलींच्या घट्ट (मॅच) चेंबरमध्ये ती वापरू नयेत.

वेगाच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी स्टँडर्ड गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटरने सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. वेगवान गोळी त्याच्या वर सुटते आणि वाटेत तो वेग ओलांडून खाली येताना डळमळते. 50 मीटरच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. तिथे सगळे स्टँडर्डच का वापरतात ते यावरून कळेल. 60 ग्रेनची जड गोळी, खाचा 16 इंचांत एक वेढा घेतात अशा नेहमीच्या नळीत, पुरेशी गरगरत नाही. कागदावर आडवी भोकं दिसली तर हेच कारण.

प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच छापाचे दोन लॉटही (एका वेळी बनवलेल्या काडतुसांची खेप) सारखे लागत नाहीत, म्हणून डब्यावरचा लॉट क्रमांक जपून ठेवा. काडतूस बदललंत की दहा-वीस फैरी झाडून मगच ग्रुप मोजा.

काडतूस उडालं नाही तर

बोल्ट लगेच उघडणं ही चूक. तोंड टार्गेटकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा. उशिरा पेटणारी काडतुसं असतात. मग ते बाहेर काढून रिमवरचा खड्डा बघा. खड्डा उथळ असेल तर बहुधा बोल्टमध्ये गोठलेलं तेल आणि मळ फायरिंग पिनला (रिमवर ठोका मारणाऱ्या पिनला) अडवतोय. खड्डा खोल असूनही उडालं नसेल तर त्या जागी मसालाच पोचलेला नाही, दोष काडतुसाचा.

आवाज दबका आला, तर पुढची फैर झाडूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार दिसते का ते बघा. आणि अडकलेलं काडतूस स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. मसाला रिममध्येच असल्यामुळे तिथे टोक लागणं म्हणजे फायरिंग पिनचंच काम करणं. ते पातळ लाकडी काडीने सोडवा, नाहीतर रायफल सुरक्षित दिशेला धरून आर्मररला, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा. न उडालेली काडतुसं खिशात किंवा कचऱ्यात टाकू नका, रेंजवरच्या त्यासाठीच्या डब्यात जमा करा.