बोट तासाला किती पेट्रोल पिते ते असं काढा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर बोट फिरवायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच, ॲव्हरेज किती देते? पण बोटीचं किलोमीटरवर मोजू नका, तासावर मोजा, कारण समोरून वारा असला किंवा दोन माणसं जास्त बसली की तेवढ्याच अंतराला तेल वेगळं लागतं.

साधा हिशोब आहे. फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन फुल लोडला एका एचपीमागे तासाला साधारण ०.३ लिटर खातं, डिझेल ०.२२ च्या आसपास. म्हणजे ४० एचपीचं ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, १२ लिटर आणि तेवढ्याच ताकदीचं डिझेल पावणेनऊ. जुनं कार्ब्युरेटरवालं टू स्ट्रोक असेल तर त्याहून बरंच जास्त धरा, त्यात काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं.

खरी बचत मात्र थ्रॉटलमध्येच आहे आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, घनाने वाढते, ५५०० वरून ४४०० वर आलात की ताकद जवळपास निम्मीच लागते, १२ लिटरचे ७ च्या आसपास होतात आणि पोचायला उशीर म्हणाल तर थोडाच. फक्त पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीला अर्धवट नाक वर काढून रेंगाळत ठेवू नका, तिथे उलट जास्त जातं.

आता तुमच्याच बोटीचा आकडा काढा. टाकी खुणेपर्यंत भरा, नेहमीएवढी माणसं बसवा, एकच आरपीएम धरून अर्धा तास वाऱ्याच्या दिशेने आणि अर्धा तास उलटं चालवा, परत येऊन मापाने त्याच खुणेपर्यंत भरा, जेवढं बसलं तेवढं तासाचं. सुटी टाकी असेल तर काठावर उतरवून इंजिन बंद करूनच भरा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते.

अजून एक, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवा विरळ म्हणून पेट्रोल इंजिनची ताकद ५-६ टक्के कमी मिळते. पूर्ण थ्रॉटल देऊनही कंपनीने दिलेल्या रेंजएवढे आरपीएम चढत नसतील तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी पुढे ढकलणारा, पंखा लावून बघा.

निघताना तेलाचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक राखीव. तासाला ७ लिटर आणि जाऊन येऊन दीड तास म्हणजे साडेदहा लागणार, तर १६ लिटर टाकीत हवंच. आणि गोदावरीच्या पात्रात पाणवेली असतील तिथे मधेमधे इंजिन बंद करून पंखा साफ करा, वेल गुंडाळला की तेल वाढतं, पाणी ओढायची जाळी तुंबली तर इंजिनच गरम होतं.