पायथनच्या भांडारातून कामाची लायब्ररी कशी निवडावी

हिंगणघाट किंवा वणीच्या परिसरातील कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामभराच्या काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या नोंदी, संगणकात भरलेल्या असतात, तरीही शेतकरीनिहाय क्विंटल आणि चुकारे काढायचे म्हटले की मुनीमजी कॅल्क्युलेटर घेऊनच बसतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येणाऱ्या गावच्या मुलामुलींना हे काम करता येण्यासारखे आहे. मात्र गाडी अडते ती लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या, निवडीपाशी, कारण पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत आणि तेथे नुसते ‘एक्सेल’ शोधल्यास निकालांचा ढीग समोर येतो.

म्हणून भांडार उघडण्यापूर्वी आपली फाइल नीट पाहावी. नावाच्या शेवटी ‘एक्सएलएस’ आहे की ‘एक्सएलएसएक्स’, एवढ्यावर विसंबू नये, कारण हिशेबाची काही सॉफ्टवेअर वेबपानावरचा तक्ताच ‘एक्सएलएस’ या नावाने काढून देतात. फाइलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. सुरुवातीलाच ‘पीके’ ही दोन रोमन अक्षरे दिसली, तर ती बहुधा नव्या पद्धतीची एक्सेल फाइल असते. ‘एचटीएमएल’ किंवा ‘टेबल’ असे शब्द दिसले, तर तो वेबपानाचा तक्ता आहे आणि त्यासाठी एक्सेल वाचणारी कोणतीही लायब्ररी उपयोगाची नाही. नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसल्यास ती जुन्या पद्धतीची फाइल असण्याचा संभव अधिक. शोधाचे शब्द यावरून ठरवावेत आणि ते इंग्रजीतच द्यावेत, कारण प्रकल्पांची वर्णने बहुतेक इंग्रजीत असतात.

प्रकल्पाच्या पानावर प्रथम आवृत्त्यांचा इतिहास वाचावा. एक्सएलआरडी हे याचे बोलके उदाहरण आहे. इंटरनेटवरच्या अनेक जुन्या धड्यांत कोणतीही एक्सेल फाइल वाचण्यासाठी हीच लायब्ररी सुचवलेली आढळते. परंतु डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या तिच्या 2.0 आवृत्तीपासून ती केवळ जुन्या ‘एक्सएलएस’ फाइली वाचते. नव्या फाइलींसाठी ओपनपायएक्सएल घ्यावी, जी जुन्या फाइली वाचत नाही. जिनिंगमध्ये दोन्ही प्रकारच्या फाइली असल्यास दोन्ही लायब्रऱ्या घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

त्यानंतर पायथनची कोणती आवृत्ती लागते, ते पाहावे. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत अजूनही विंडोज 7 चे संगणक चालतात आणि त्यांवर पायथन 3.8 च्या पुढची आवृत्ती बसत नाही, त्यामुळे अनेक लायब्रऱ्यांची ताजी आवृत्ती तेथे निरुपयोगी ठरते व 3.8 ला चालणारी मागची आवृत्ती निवडावी लागते. आकारही पाहावा. पांडास ही तक्त्यांवर काम करणारी मोठी लायब्ररी आणि तिला लागणारी नमपाय मिळून वीस एमबीहून अधिक डाउनलोड होते, तर ओपनपायएक्सएल त्या मानाने अगदी किरकोळ आहे. केवळ रकाने वाचून बेरीज करायची असेल, तर पांडासचा हट्ट मला अनाठायी वाटतो. परवान्यावर एक नजर टाकली तरी पुरे, या लायब्रऱ्या धंद्याच्या कामातही खुशाल वापरता येतात.

नाव मात्र अक्षर न् अक्षर तपासावे, कारण भांडारात कोणालाही प्रकल्प चढवता येतो. 2019 मध्ये जेलीफिश या लायब्ररीच्या रोमन नावातील एका एलच्या जागी तसाच दिसणारा कॅपिटल आय घालून केलेली बनावट लायब्ररी भांडारातून काढून टाकावी लागली. ती संगणकावरील गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारख्या फाइली, चोरत होती. एआयने सुचवलेले नावही भांडारात जाऊन पडताळल्याशिवाय बसवू नये.

जिनिंगवर नेटवर्क धड नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी पिप या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाची ‘पिप डाउनलोड’ ही आज्ञा वापरून लायब्ररी तिला लागणाऱ्या इतर सर्व लायब्रऱ्यांसह पेनड्राइव्हवर घ्यावी. तेथील संगणकावर पायथनची तीच आवृत्ती असावी आणि दोन्ही संगणक 32 बिट किंवा दोन्ही 64 बिट असावेत, एवढे पथ्य पाळावे. बसवताना पिपला ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ हे दोन पर्याय दिले की तो इंटरनेटकडे न जाता पेनड्राइव्हवरूनच काम करतो. मग एका दिवसाची काटापट्टी वाचून तिची बेरीज मुनीमजींच्या वहीशी ताडून पाहावी. वजने देवनागरी अंकांत लिहिलेली असली तरी त्यासाठी वेगळी लायब्ररी शोधू नये. पायथनचे मूळ फ्लोट फंक्शन ‘१२.५’ हा मजकूर थेट संख्येत बदलते.