कामांची यादी, कल्पनांची वही आणि त्यांची आठवड्याची निवड

दिवसभरात डोक्यात येणाऱ्या गोष्टींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही गोष्टी ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळीच करायच्या असतात, काही केव्हाही केल्या तरी चालतात पण कराव्याच लागतात, आणि काही नुसत्या सुचलेल्या असतात, म्हणजे त्यांचे पुढे काही होईल की नाही हे सुचतेवेळी सांगता येत नाही. हे तिन्ही प्रकार एकाच यादीत लिहिले की यादी लांबते, वाचण्याचा कंटाळा येऊ लागतो आणि थोड्याच दिवसांत ती उघडणेही बंद होते. म्हणून पहिल्या प्रकारासाठी दिनदर्शिका, दुसऱ्यासाठी कामांची यादी आणि तिसऱ्यासाठी टिपणवही अशी तीन वेगळी ठिकाणे ठरवावीत. ती कागदावर असोत वा मोबाइलमध्ये, त्याने फारसा फरक पडत नाही. ॲपची निवड करण्यात आठवडा घालवणे हा काम टाळण्याचाच एक प्रतिष्ठित प्रकार आहे.

या तीन ठिकाणांच्या आधी मात्र एक चौथे ठिकाण लागते, ते म्हणजे जे सुचेल ते तत्काळ लिहून ठेवण्याची कच्ची वही. रस्त्याने चालताना किंवा फोनवर बोलताना आठवलेली गोष्ट काम आहे की कल्पना आहे, याचा विचार करत बसायला सवड नसते, त्यामुळे ती आधी कच्च्या वहीत उतरवावी आणि तिची योग्य जागा संध्याकाळी ठरवावी. खिशात मावणारी छोटी वही किंवा मोबाइलमधली एकच कायम उघडी ठेवलेली नोंद यासाठी पुरते. अट एवढीच, की कच्ची वही एकच असावी. पाकिटांच्या मागे, चिठ्ठ्यांवर आणि स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत नोंदी विखुरल्या, तर त्या गोळा करणे हेच एक नवे काम होऊन बसते.

लिहून ठेवण्याचा आग्रह धरण्याला आधार आहे. माणसाला एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरता येतात, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडला, आणि नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. अपुरी कामे मनात अधिक टिकून राहतात हे ब्लूमा झायगार्निक यांचे १९२७ मधले निरीक्षण प्रसिद्ध आहे. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसेच आढळले असे नाही, तरी अर्धवट कामाची मागे लागणारी टोचणी बहुतेकांच्या ओळखीची असते. रोजच्या वापराच्या दृष्टीने त्याहून उपयुक्त निष्कर्ष मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांतून निघाला: अपुरे काम केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की ते पूर्ण झालेले नसतानाही मनात घुसून व्यत्यय आणणे बरेच कमी होते. याचा अर्थ, कामाचे नुसते नाव लिहून फारसे भागत नाही, नोंद योजनेसारखी लिहावी लागते.

बहुतेक याद्या नेमक्या इथेच फसतात. ‘विमा’ ही नोंद वाचल्यावर काय करायचे ते कळत नाही, त्यामुळे ती दिसली की नजर पुढच्या ओळीवर सरकते. ‘विमा कंपनीला फोन करून हप्त्याची शेवटची तारीख विचारणे’ ही नोंद वाचताच हात फोनकडे जाऊ शकतो. नोंद क्रियापदाने संपावी, तीत पहिले पाऊल सांगितलेले असावे आणि त्यासाठी लागणारा फोन नंबर, कागद किंवा फाइलचे नाव तिथेच शेजारी लिहिलेले असावे. ‘घर आवरणे’, ‘अहवाल लिहिणे’ अशा नोंदी क्रियापदाने संपत असल्या तरी त्या एका बैठकीत होणाऱ्या नसतात. त्यांना प्रकल्प मानून वेगळ्या पानावर घ्यावे आणि यादीत फक्त त्यांचे पुढचे पाऊल ठेवावे, उदाहरणार्थ ‘अहवालासाठी मागच्या तिमाहीचे आकडे एका तक्त्यात भरणे’. जे काम दोन-तीन मिनिटांत होण्यासारखे आहे, ते यादीत लिहीत बसण्यापेक्षा वर्गवारी करतानाच उरकून टाकावे.

तारखांच्या बाबतीत काटेकोर असावे. ज्या कामाला खरोखरच मुदत आहे, म्हणजे ती चुकल्यास दंड, नुकसान किंवा दुसऱ्याचा खोळंबा होणार आहे, त्यालाच तारीख द्यावी. स्वतःला जरब बसावी म्हणून प्रत्येक कामापुढे खोट्या तारखा टाकल्या, की मुदत उलटलेल्या नोंदींची रांग लागते आणि त्यांतली खरी निकडही दुर्लक्षित राहते. मुदत नसलेले काम हमखास व्हावे असे वाटत असेल, तर ते एखाद्या रोजच्या कृतीला जोडून ठेवावे, जसे ‘संगणक सुरू केला की इतर काही उघडण्याआधी तक्ता उघडायचा’. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘अमुक घडले की तमुक करायचे’ स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला असून नुसत्या निश्चयापेक्षा ते अधिक वेळा तडीस जातात, असे त्यात आढळले आहे.

मुख्य यादी कितीही लांब असली तरी चालते, पण दिवसाची यादी आखूडच हवी. आदल्या संध्याकाळी मुख्य यादीतून तीन ते पाच कामे निवडून वेगळ्या पानावर उतरवावीत आणि ती निवडताना दिनदर्शिका समोर ठेवावी, कारण दुपारभर बैठका असलेल्या दिवशी पाच कामे लिहिणे ही स्वतःचीच फसवणूक होय. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, या प्रवृत्तीची नोंद मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच करून ठेवली आहे, तेव्हा मनात आलेल्या अंदाजाच्या दीडपट वेळ धरणे शहाणपणाचे ठरते. एखादे काम तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागले, तर ते चौथ्यांदा तसेच उतरवू नये. त्याचे आणखी लहान तुकडे करावेत, दिनदर्शिकेत त्यासाठी वेळ राखावा, किंवा ते होणार नाही हे मान्य करून खोडून टाकावे.

कल्पनांना वेगळी वागणूक लागते, कारण त्यांना तारीख नसते आणि त्या पूर्णही व्हायच्या नसतात. एका टिपणात एकच कल्पना असावी आणि ती पूर्ण वाक्यात लिहावी, कारण आज स्पष्ट वाटणारे दोन शब्द सहा महिन्यांनी आपल्यालाच कोडे घालतात. टिपणाला बोलके शीर्षक द्यावे आणि ती कल्पना केव्हा व कशावरून सुचली तेही लिहावे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांकांनी एकमेकींशी जोडून ठेवल्या होत्या, पण तो आयुष्यभराच्या संशोधनाचा पसारा होता. घरगुती वापरासाठी त्याचे अनुकरण करण्याची गरज नाही. वही असेल तर पानांना क्रमांक देऊन शेवटच्या दोन पानांवर सूची करावी. संगणक असेल तर साध्या मजकुराच्या फाइली वापराव्यात, त्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडतात. फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू केल्यास, जसे ‘२०२५-०३-०७ बागेचा आराखडा’, नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप तारखेनुसारही लागतात. ॲपच वापरायचे असेल, तर त्यातल्या सगळ्या नोंदी एकगठ्ठा बाहेर काढता येतात की नाही, एवढे आधी पाहून घ्यावे.

या सगळ्याला चालते ठेवणारी गोष्ट म्हणजे आठवड्यातून एकदा काढलेला अर्धा तास. त्या वेळी कच्ची वही रिकामी करावी, दिनदर्शिकेत मागचा आणि पुढचा असे दोन्ही आठवडे पाहावेत, आणि मुख्य यादी वरपासून खालपर्यंत वाचून कालबाह्य कामे निर्दयपणे काढून टाकावीत. जी कामे आत्ता नकोत पण सोडवतही नाहीत, ती ‘कधीतरी’ नावाच्या पानावर हलवावीत. त्यानंतर टिपणवही चाळावी. एखाद्या कल्पनेसाठी पहिले पाऊल लिहिता येत असेल आणि ते याच महिन्यात टाकण्याची तयारी असेल, तरच तिला यादीत जागा द्यावी. बाकीच्या कल्पनांना वहीतच राहू द्यावे.

आजारपणात किंवा प्रवासात दोन-तीन आठवडे हे सगळे मागे पडते, आणि परत आल्यावर जुन्या नोंदींचा ढीग पाहूनच अनेक जण ही पद्धत सोडून देतात. अशा वेळी ढीग उपसत बसू नये. नवे पान घेऊन आत्ता डोक्यात असलेली कामे लिहावीत, दिनदर्शिकेतून पुढच्या पंधरवड्याच्या मुदती त्यात उतरवाव्यात आणि जुनी यादी तारीख घालून बाजूला ठेवावी. तिच्यातले जे महत्त्वाचे असेल, ते पुढच्या आठवड्याच्या अर्ध्या तासात वेचून घेता येते.