हिमाचलात ट्राउट धरायचा तर आधी तीर्थन

हिमाचलात ट्राउट माशासाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी तीर्थन नदीच सांगतो. मनालीच्या बसने औटला उतरायचं आणि बंजारमार्गे गुशैणी गाठायची. वाटेतल्या नागिणीपासून गुशैणीपर्यंत रस्ता नदीलगतच जातो, त्यामुळे जागा बदलत बदलत गळ टाकता येतो. इथल्या लोकांनी तीर्थनवर मोठे जलविद्युत प्रकल्प होऊ दिले नाहीत. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

मार्च-एप्रिल किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर गाठा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढतं, जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ होतं. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट तेव्हा अंडी घालतो. एरवीही मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

आता खरी गोष्ट, मासा कुठे असतो ती. मोठ्या धोंड्याच्या मागे वेगाची धार संथ पाण्याला जिथे घासून जाते, त्या रेषेवर तो प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो; खाणं वाहत त्याच्याकडेच येतं. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. पाणी काचेसारखं असतं, तुमची सावली पडली की तो गेलाच. छोटा स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष, धोंड्याच्या वरच्या बाजूला टाका आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. रीळ प्रवाहापेक्षा किंचितच जलद फिरवा. तीन-चार फेकींत काही लागलं नाही तर पुढचा धोंडा गाठा. एकाच डोहाला चिकटून बसण्याची आपली सवय इथे सोडावी लागते.

दुसरी पसंती बरोटची उहल. ती लहान नदी आहे, मासा कुठे असेल ते नवख्याला ओळखायला सोपी. शिमल्याकडून येणार असाल तर रोहडूच्या वरची पब्बर, चिडगावच्या बाजूला. सांगल्याची बास्पा देखणी, पण लांब. केवळ मासेमारीसाठी मी तिकडे पाठवणार नाही.

सैंज खोऱ्यात आणि लारजीखालच्या बियासवर मात्र जपून. वर धरणं आहेत, पाणी अचानक सुटतं. 2014 च्या जूनमध्ये लारजीतून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे विद्यार्थी वाहून गेले. भोंगा ऐकू आला किंवा पाणी चढताना दिसलं, तर गळ तिथेच सोडून काठ चढा.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा सहज सोडवता येतो. लहान मासा हात ओले करून, पाण्यातच सोडवा.