काम सुटलं तेव्हा: लेकीची पोटगी आणि कर्जाचे हप्ते

जळगावच्या एमआयडीसीत मी नऊ वर्षं चटईच्या मशीनवर होतो. एका शनिवारी अकरा जणांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. भुसावळला आईजवळ राहणाऱ्या लेकीची पोटगी 5,000, दुचाकीचा हप्ता 3,100, पर्सनल लोनचा 4,600. नुकतंच काम सुटलेल्यांसाठी हे लिहितोय.

माझी पहिली चूक फोनवर झाली. लेकीच्या आईला म्हटलं, "दोन महिने थांब, काम लागलं की देतो." ती हो म्हणाली. पण कोर्टाचा हुकूम आपल्या तोंडी बोलण्याने बदलत नाही, थकबाकी चढतच जाते. वसुलीचा अर्ज पडला की वॉरंट निघू शकतं, कैदही होऊ शकते. आणि आत जाऊन आलं तरी थकलेली रक्कम फिटत नाही.

"काम नाही" म्हटल्याने पोटगी थांबत नाही. धडधाकट माणूस कमावू शकतो, असंच कोर्ट धरतं, आणि लेकराच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. मात्र परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. पूर्वी त्याचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146. कामावरून कमी केल्याचं पत्र आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्नाचा दाखला दाखवून मला तिथूनच वकील मिळाला.

अर्ज चालू असताना रावेरकडे केळीच्या गाड्या भरल्या. आठवड्याला कधी 700, कधी 1,200, जमतील तेवढे लेकीच्या आईच्या खात्यावर टाकले. रोख देऊ नका, पुरावा राहत नाही. त्या नोंदी पाहून न्यायाधीश साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकलं आणि पोटगी 3,500 केली. आधीचे दोन महिने मात्र पूर्ण भरावे लागले.

बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो, थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं, मग कोणी ऐकत नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करा, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझा पर्सनल लोनचा हप्ता 2,900 वर आला. दुचाकीचा मी थकवला नाही, कारण ती गेली असती तर रावेरची मजुरीही गेली असती. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. रात्री आलेल्या फोनची तारीख-वेळ वहीत लिहा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. माझे रात्रीचे फोन त्यानंतरच थांबले.